जिभेचा सौदा

गुरुबसप्पांची जीभ डॉक्टर महामायाच्या चिमटीत होती, आणि तिकडं अहमदपूरच्या मोंढ्यात सोयाबीन काय भावानं विकावं हे कुणाला कळेना. साऱ्या मोंढ्याचा हर्रास, म्हणजे लिलाव, पुकारणारा हा माणूस. त्यांनी "एक बार" म्हटलं की चाकूरच्या फाट्यावर म्हशी माना वळवायच्या. "दो बार" म्हटल्यावर काय व्हायचं ते सांगत नाही. तुम्ही विश्वास ठेवणार नाही.

जिभेच्या कडेला पांढरा चट्टा होता. तुकडा तपासून आजार पक्का झाला होता. कापायची किती, एवढंच आता लातूरच्या या दवाखान्यात ठरायचं होतं. आधीच्या डॉक्टरनं अर्धी सांगितली होती.

महामायानं दिवे मालवले. जिभेवर निळा उजेड पडला. पडद्यावर जीभ हिरवीगार चमकली, हरभऱ्याच्या रानासारखी. कडेला मात्र काळं बेट.

"अगं माय! एवढं?" दानम्माचा आवाज चिरकला. मग नवऱ्याला धीर द्यावा म्हणून म्हणाली, "जाऊ द्या अर्धी. उरलेल्या अर्ध्यात बी गाव गोळा कराल तुम्ही."

गुरुबसप्पांना उलट बोलता आलं नाही. चाळीस वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदाच.

"थांबा काकू. हा उजेड नुसता वरून ढीग बघतो. साधी सूज असली तरी काळीच दाखवतो." महामायानं पेन्सिलीएवढी कांडी उचलली. "हा दुसरा आत जातो. पोत्यात परखी खुपसून तळचा माल बघतात ना, तसा."

कांडीतला उजेड डोळ्याला दिसतच नव्हता. पण तो जिभेच्या आत शिरत होता आणि परत येताना एकेक थर सांगत होता. पडद्यावर थर उमटले, भाकरीचे पापुद्रे सुटावेत तसे. संगणकानं दोन्ही चित्रं एकावर एक बसवली. काळ्या बेटाखाली थर जवळजवळ सगळीकडे शाबूत होते. एका कोपऱ्यात तेवढे मोडलेले.

"परखी घातली अन् पोत्याला भोक न्हाई!" दानम्मा खुर्चीतून उठलीच. "आमच्या अडतीच्या दुकानात एक लावून दे बाई. लई जणांचं पितळ उघडं पडंल."

गुरुबसप्पांच्या पाठीमागं पडदा. जीभ अजून चिमटीत. त्यांनी खांद्यावरचा रुमाल ओढला, महामायाच्या मोकळ्या हातावर टाकला आणि खालून तिची चार बोटं धरली.

"अवं, ती डॉक्टर हाय, अडत्या न्हाई!"

महामाया हसली नाही. मोंढ्यातले मोठे सौदे असेच होतात. तोंडं गप्प असतात, रुमालाखाली बोटं बोलतात. चार बोटं जीभ जाणार का, असं ते विचारत होते. तिनं चारही बोटं सोडवून घेतली आणि करंगळीचं टोक त्यांच्या मुठीत ठेवलं.

गुरुबसप्पांनी त्या टोकाचंही अर्धंच दाबलं.

"न्हाई काका, ह्यात घासाघीस न्हाई. कडेचं थोडं चांगलं बी घ्यावं लागतं. पण एवढंच जाईल. थोडे दिवस बोबडं बोलाल, मग पुकारा की हर्रास."

तिनं चिमटी सोडली. जीभ आत गेली.

"हे रुमालाखालचं तुला कुणी शिकवलं?" गुरुबसप्पांनी विचारलं.

"कुणीच न्हाई. माझे बाबा तुमच्याच मोंढ्यात हमाल होते. व्यंकटी. मी पोत्यांच्या थप्पीवर बसून बघायची."

गुरुबसप्पांनी तिच्या हातावरच्या रुमालाकडं पाहिलं. मग मोंढ्यानं त्यांचा कधी ऐकला नव्हता एवढ्या हलक्या आवाजात म्हणाले, "व्यंकटीचा हात कधी ह्या रुमालाखाली आला न्हाई."

"न्हाई आला," महामाया म्हणाली.

दानम्मा रुमाल उचलायला पुढं आली. गुरुबसप्पांनी तो उचलू दिला नाही; खाली महामायाचं बोट अजून त्यांच्या मुठीत होतं.