बँडमधला जुना माणूस

आमच्या थोरल्याला माणसं टिकवता येत नाहीत. त्याचा बँड, पंक का काय म्हणतात तसला, तीस वर्षं सरकारच्या नावानं शंख करतोय. पण सुरुवातीच्या चौघांतला हा एकटाच उरलाय. बाकीच्यांना पोलिसांनी एकेक करून उचललं. पहिला ड्रमवाला तर कोठडीतून परत आलाच नाही. त्यांच्या जागी आलेलेही असेच गेले.

नवं गाणं कागदावर उतरवायचं नाही, पहिल्यांदा माझ्या स्वयंपाकघरात दार लावून म्हणायचं, ही त्यांची रीत. परवा नव्या गिटारवालीनं तिचं गाणं असंच म्हटलं. ऐकायला मी आणि थोरला, दोघंच.

आज सकाळी फौजदार दारात आला. खिशातून कागद काढून त्यानं तेच गाणं मला शब्दन् शब्द वाचून दाखवलं आणि पोरगी कुठाय म्हणून विचारलं. मी म्हटलं, मला काय ठाऊक.

दुपारी थोरला आला. चपला काढता काढता म्हणाला, "आई, गिटारवाली दिसत नाही गं?"



"तिला मी लांब पोचवलंय. आता साहेबाला फोन लाव आणि सांग, या खेपेला माझ्या आईला न्या."