किल्ली पालकांच्या हाती

फेम्के गेल्यावरही तिचा फोन तिला उपाशी राहण्याचे धडे देतच होता.

हिल्डे रोज तो उघडायची. उघडला की हाडं मिरवणाऱ्या पोरींचे व्हिडिओ सुरू व्हायचे. एक संपला की दुसरा, आपोआप. मागे गोडगुलाबी गाणं. हिल्डे आल्स्टच्या वृद्धाश्रमात स्वयंपाकाला होती. नव्वदीतल्या म्हाताऱ्यांना चुचकारून सूप पाजायची, आणि तिची स्वतःची पंधरा वर्षांची लेक फेम्के घरात रोज ताट बाजूला सारत सारत संपली होती.

मुलं गमावलेल्या आईबापांची एक बैठक गेंटला भरायची. तिथे तिला वाउटर भेटला. पन्नाशीचा, मऊ आवाजाचा. बाकीचे तिच्यावर सल्ल्यांचा मारा करत होते, तेव्हा हा नुसता शेजारी बसून राहिला. निघताना एवढंच म्हणाला, "माझा येल्ले सतरा वर्षांचा होता. त्याच्या फोनला मी सगळी कुलपं लावली होती. तरी घाण पोचायची ती पोचलीच. तेव्हा स्वतःला दोष देऊ नका."

त्या दिवशी हिल्डे कित्येक महिन्यांनी पोटभर जेवली.

ब्रसेल्सला तेव्हा मुलांसाठी नवा कायदा घाटत होता. असले व्हिडिओ मुलांपुढे ढकलायला ते दाखवणाऱ्या कंपन्यांना साफ बंदी घालावी, असं एक कलम त्यात होतं. संसदेची समिती एका आईचं म्हणणं ऐकणार होती. वाउटरनेच हिल्डेचं नाव पुढे केलं. तयारी करून घ्यायला तो घरी येऊ लागला. एव्हाना दोघं अरे-तुरेवर आले होते.

"व्हिडिओवाल्या कंपनीचं नाव घेऊ नकोस," तो म्हणाला. "घेतलंस की त्यांचे वकील तुटून पडतील. बंदीचंही काढू नकोस, त्यावर हे लोक वर्षानुवर्षं भांडत बसतात. एकच माग. मुलांच्या फोनवर काय दिसावं, त्याची किल्ली आम्हा आईबापांच्या हाती द्या."

"पण तुझ्या कुलपांचा काय उपयोग झाला?"

"ती तकलादू होती. आता पक्की मागायची. आणि हो, रडू आलं तर आवरू नकोस."

हिल्डेचे वडील, ओमेर, खिडकीपाशी बटाटे सोलत होते. वाउटर गेल्यावर म्हणाले, "फार गुळगुळीत बोलतो गं हा. त्याचं पोरगं काय खायचं, कुठल्या टीमसाठी घसा फोडायचं, कधी सांगितलंय त्याने?"

"बाबा, सगळ्यांना नाही बोलता येत."

"तुझं तर तोंड थांबत नाही."

"ज्याचं त्याचं दुःख असतं. तुम्ही बटाटे सोला."

हिल्डे बोलली. शेवटी रडलीसुद्धा. समितीतल्या दोघीतिघींनी डोळे टिपले. बाहेर टेबलांवर वाइन आणि कोळंबीची गरमागरम तळलेली क्रोकेटं मांडली होती. कंपनीची एक चकचकीत बाई हातातलं क्रोकेट संपवत आली, "किती धीराने बोललात हो!" म्हणाली आणि हिल्डेचा हात दाबून पुढच्या टेबलाकडे वळली. तिच्या बोटांचं तेल हिल्डेच्या तळव्याला लागलं. हिल्डेने बेसिनवर जाऊन हात धुतला. वास जाईना, म्हणून पुन्हा धुतला.

पुढे कायदा झाला. बंदीचं कलम वाटेत गळून पडलं, किल्लीचं राहिलं. "जिंकलीस," वाउटर फोनवर म्हणाला. मग त्याचे फोन कमी होत गेले.

फेम्केसाठी हिल्डेने कंपनीवर खटला भरला होता, तो उभा राहिला. कंपनीच्या वकिलाचा आवाजही मऊच होता.

"बाई ब्रसेल्सला स्वतः म्हणाल्या, किल्ली आईबापांच्या हाती हवी. आमच्या ॲपमध्ये ती तेव्हाही होती. बाईंनी कधी फिरवलीच नाही. मग दार उघडं कोणी ठेवलं?"

हिल्डे कोट उचलून उठली.

तिची वकील सबीन तिला बाहेर घेऊन आली. "कुलपं लावूनही घाण आत येते, हे शपथेवर सांगणारं कुणीतरी हवं. आहे कोणी?"

"आहे," हिल्डे म्हणाली.

वाउटर फोन उचलेना. बिचाऱ्याला सोसत नसेल, असं तिला वाटलं. शेवटी सबीनने त्याच्या साक्षीची मागणी केली. त्याचं नाव ऐकताच कंपनीचा वकील ताडकन उठला. "या साक्षीची काहीएक गरज नाही!" पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला होता. टरकले, हिल्डेच्या मनात आलं. न्यायाधीशबाईंनी मागणी मान्य केली.

वाउटर आला. हिल्डेकडे न बघता उभा राहिला. त्याने शपथ घेतली. खोटं बोललात तर तुरुंग आहे, हे न्यायाधीशबाईंनी त्याला बजावलं.

"व्यवसाय?"

"सल्लागार."

"कोणाचे?"

त्याने कंपनीच्या वकिलांच्या बाकाकडे बोट केलं. "यांचा."

सबीनचं पेन जागच्या जागी थांबलं.

हिल्डेने तरीही मनातल्या मनात त्याचीच बाजू घेतली. मागाहून विकत घेतला असेल यांनी त्याला. पोर गेलं की माणूस मोडतो, आणि मोडलेल्याला कोणीही उचलून नेतं. पण बाप तो बापच. ती उठून उभी राहिली. बाईंनी बसायची खूण केली तरी बसली नाही.

"असू दे, वाउटर," ती म्हणाली. "कोणाची का चाकरी करेनास. फक्त येल्लेचं सांग. त्याच्या फोनला कुलपं होती ना? एवढंच सांग, आणि जा."

"उत्तर द्या," न्यायाधीशबाई म्हणाल्या.

वाउटरने त्या दिवशी प्रथमच तिच्याकडे पाहिलं.

"हिल्डे," तो म्हणाला, "येल्ले नावाचं कोणी नव्हतंच."