पाच बटणं

जोवेलिनने मनगटापर्यंत हात धुतले, जंतुनाशक चोळलं, कोपराने दार ढकललं आणि पेशंटच्या खाटेवर तिला आपलाच बाप बसलेला दिसला.

आत्ता अर्ध्या तासापूर्वी तो बाहेरच्या बाकावर केळीच्या पानावरच्या शेवया खात होता. परीक्षेत पेशंट व्हायला नेहमी येणारी शेजारची आजी आज भाचीच्या लग्नाला गेली होती. नर्सिंग शाळेच्या कोर्पुझ मॅडम हवालदिल होऊन बाहेर आल्या आणि त्यांना पक्षाघाताने लुळा पडलेला तातायचा, म्हणजे जोवेलिनच्या बापाचा, डावा हात दिसला. इतका अस्सल पेशंट आयता दारात बसलेला असताना त्या कशाला सोडतात! त्यांनी त्याला आत नेलं, त्याचा ठेवणीतला पांढरा शर्ट काढून मांडीवर ठेवला आणि सांगितलं, सांगतील तेव्हा घालायचा, बाकी काही बोलायचं नाही.

कोपऱ्यात फिनलंडहून आलेल्या परीक्षक बाई वही उघडून बसल्या होत्या.

जोवेलिनची ही तिसरी खेप, आणि शेवटची. पहिल्या खेपेला आत शिरल्या शिरल्या ती आजीपुढे वाकली आणि आजीचा हात तिने कपाळाला लावला. फिलिपिन्समधल्या लुसेनात जन्मलेल्या पोरीला थोरांना असा नमस्कार करायचं कुणी शिकवायला लागत नाही. पण त्याने धुतलेले हात पुन्हा अस्वच्छ झाले आणि तिथेच निकाल लागला. दुसऱ्या खेपेला तिने आजीची बटणं लावून दिली. तिकडे फिनलंडात म्हाताऱ्यांना जे स्वतः जमतं ते त्यांनाच करू द्यायचं, कितीही वेळ लागो. नर्सने हात पाठीमागे बांधून उभं राहायचं. बरोबरच्या सगळ्या पोरी उन्हाळ्यातच तिकडे नोकरीला गेल्या होत्या. आज चुकली तर यादीतून नाव कटणार होतं, आणि दोन वर्षं घासलेली ती अवघड भाषा कुणाशी बोलायची हाही प्रश्नच होता.

तिला पाहताच तातायने उजवा हात पुढे केला. मुलगी दारातून आत आली की बाप करतो तसा.

जोवेलिन खाटेपासून एक पाऊल अलीकडे थांबली. "सुप्रभात, फोर्तुनातो," ती फिनिशमध्ये म्हणाली. तिकडे पेशंटला नावानेच हाक मारतात.

त्या वाक्यातला एकच शब्द त्याला कळला. त्याची आई गेल्यापासून त्या नावाने त्याला कुणी हाक मारली नव्हती. गल्लीत तो मांग तुन्यिंग, म्हणजे तुन्यिंगकाका होता, घरात ताताय. पुढे केलेला हात थोडा वेळ तसाच राहिला आणि मग हळूच चादरीवर उतरला.

शर्ट घाला, असं तिने सांगितलं, ते त्याला कळलं नाही. तिने ओठ पुढे काढून शर्टाकडे दाखवलं, आमच्याकडे सगळेच दाखवतात तसं. परीक्षक बाईंना ती काही खूण आहे हे कळलंच नाही. तातायने आधी चांगला हात बाहीत घातला आणि अडकला. तिने पुन्हा ओठांनी लुळ्या हाताकडे दाखवलं. त्याने शर्ट काढला आणि पुन्हा पहिल्यापासून घातला.

मग त्याने छाती तिच्यापुढे केली आणि मान जरा वर धरली. गेली दोन वर्षं रोज सकाळी तो अशीच मान वर धरत होता आणि ती बटणं लावत होती.

ती हलली नाही.

"रागावलीस का गं?" त्याने हळूच विचारलं.

"घाई नाही, फोर्तुनातो," ती फिनिशमध्ये म्हणाली.

त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं, कोपऱ्यातल्या बाईकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून तो पहिल्या बटणाला लागला. बटण निसटायचं, तो पुन्हा धरायचा. चौदा मिनिटं लागली. तिसरं बटण चौथ्या काजात गेलं. आदल्या खेपेला आजीची धडपड जोवेलिनला बघवली नव्हती. आज काहीच झालं नाही. बसची वाट पाहावी तशी ती पाचव्या बटणाची वाट पाहत होती. काहीच होत नाहीये, एवढंच काय ते तिच्या लक्षात आलं.

परीक्षक बाईंनी सही केली. "तुझे हात आज एकदाही हलले नाहीत," त्या कौतुकाने म्हणाल्या.

बाहेर जीपनीच्या, म्हणजे शेअर जीपगाड्यांच्या थांब्यावर तातायने विचारलं तेव्हा तिने सांगितलं की पास झाले, ऑक्टोबरमध्ये जायचं. त्याने मान हलवली. शर्टाचं एक टोक खाली लोंबत होतं. मघाचा राहून गेलेला नमस्कार आता तरी करावा म्हणून ती वाकली आणि तिने त्याच्या उजव्या हातासाठी हात पुढे केला.

हात मोकळा नव्हता. तो तिसऱ्या बटणावर होता.

"थांबा, मॅडम," ताताय म्हणाला. तो हसत नव्हता. "पेशंटचं अजून झालं नाही."

त्याने चुकलेलं बटण सोडलं आणि त्याच्याखालचंही सोडलं. एक जीपनी आली, ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला आणि निघून गेली. मग दुसरीही गेली. परीक्षक बाईंची गाडी तर कधीच गेली होती, थांब्यावर पाहणारं कुणीच नव्हतं. जोवेलिन बापासमोर उभी होती, आणि तिचे हात पाठीमागे बांधलेले होते.