उघडं दार

रझाकारांच्या धामधुमीत भिवराबाईनं थोरल्या लेकीला, कासाबाईला, कडब्याच्या खोलीत लपवलं होतं. "मी हाक मारल्याबिगर भाईर येऊ नको," एवढं सांगितल्यावर ती उपाशीतापाशी तिथंच बसून राहिली. तिशीची कासाबाई कुणाच्या नजरेला नजर देत नसे, अंगाला हात लावला की किंचाळे. पण आईचा शब्द तंतोतंत पाळे. आज धाकटीला बघायला पालमचे पाहुणे आले, म्हणून थोरलीला पुन्हा तसंच सांगून त्याच खोलीत बसवलं. सोयरीक जमली. पाहुणे गेल्यावर भिवराबाई लेकीला बोलवायला उठली, तर नवऱ्यानं तिचा दंड धरला. "धाकटीचं लग्न होईस्तोर राहू दे आत. तवर सुधरंल." "जन्मापासून तशी हाय ती, मालक. मरंस्तोर तशीच राहनार." "मंग मरंस्तोर बसू दे." भिवराबाईनं उघड्या दारातून भाकरी आत ठेवली. कासाबाई आईच्या ओठांकडं बघत होती. आई हाक न मारताच परतली.