कंट्रोल काळा पडला

कंट्रोलची नळी पुन्हा काळी पडली आणि अंजलीने हातातला चिमटा ओट्यावर आपटला. बाकीच्या नळ्या काळ्या पडायलाच हव्या होत्या, त्यांत तिने जंतूंच्या सालीची पूड घातली होती. कंट्रोलच्या नळीत मात्र रेशीमअळीचं रक्त आणि साधं सलाईन, एवढंच. ती पिवळी राहायला हवी होती.

महिनाभर हेच चाललं होतं. अळी असो की माणूस, जंतूंवर नजर ठेवणारे रिसेप्टर दोघांच्याही शरीरात असतात. ते जागे कसे होतात, हा अंजलीच्या पीएचडीचा विषय. जंतूच्या सालीचा तुकडा रक्तात शिरला की माणूस थंडीतापाने कुडकुडतो आणि अळीचं रक्त काळं पडतं. पण इथे तुकडा घातलेला नसतानाही रक्त काळं पडत होतं, म्हणजे सगळी मेहनत पाण्यात. येवल्याच्या शेतकऱ्याकडून आणलेल्या अळ्या तिने बदलून पाहिल्या. तुतीचं पान न् पान पुसून घातलं. काचेचं सामान भट्टीत भाजून काढलं. अळ्या मजेत पानं कुरतडत होत्या आणि इकडे हिचा जीव कुरतडला जात होता.

सकाळी तिच्या गाइड गायधनी सरांनी नळी उजेडात धरून पाहिली होती. "कंट्रोल काळा म्हणजे हात घाण, अंजलीबाई. तुम्हा लोकांना स्वच्छतेची सवय जरा... असो. शुक्रवारपर्यंत पिवळा कंट्रोल दाखवा, नाहीतर विषय सोडा."

त्या 'असो'मध्ये काय काय होतं, ते अंजलीला शाळेपासून पाठ होतं. तिला सरांचा राग आला. त्याहून जास्त राग स्वतःचा आला, कारण त्यांना उत्तर द्यायचं सोडून ती बेसिनपाशी जाऊन पुन्हा हात घासत बसली होती. घासून घासून बोटांची सालं निघाली होती.

संशय घेतला नव्हता तो एकट्या सलाईनचा. कॉलेजची सलाईनची ऑर्डर ऑफिसात अडकलेली. तिचा थोरला भाऊ नवनाथ द्वारका चौकाजवळच्या एका छोट्या हॉस्पिटलचं मेडिकल सांभाळायचा, त्यानेच तिथल्या बाटल्या आणून दिल्या होत्या. सीलबंद, कारखान्यात वाफेवर निर्जंतुक केलेल्या. तरी ती ते सलाईन वर पुन्हा उकळून घ्यायची. आता ताक तरी किती फुंकून प्यायचं!

तिने चिडचिडत नव्या नळ्या मांडल्या. शेवटच्या नळीत अळीचं रक्त सोडलं आणि पाहिलं तर सलाईनची बाटली संपलेली. नवी फोडायचं त्राण तिच्यात नव्हतं. ती नळी तशीच स्टँडमध्ये खोचून ती खिडकीशी जाऊन बसली. रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण तेही येईना.

बऱ्याच वेळाने खाली एम-एटी मोपेडचा आवाज थांबला आणि नवनाथ धापा टाकत जिना चढून आला.

"अंजे, चल लवकर. आईला परत हुडहुडी भरली. डॉक्टर म्हणतात मलेरिया आहे, पण रक्तात काही सापडत नाही."

त्यांची आई विठाबाई जुलाबाने नवनाथच्याच हॉस्पिटलात पडून होती. जुलाब थांबत आले होते, पण रोज सलाईन लावलं की थोड्या वेळात तिचे दात वाजायला लागायचे. "ही बाटली मला बाधती गं," असं ती रोज सांगायची. डॉक्टर हसायचे. आणि काल अंजलीनेच तिला दटावलं होतं, "आई, सीलबंद असते ती. सलाईन कधी बाधतं का?"

अंजलीने पर्स उचलली आणि सवयीने स्टँडकडे नजर टाकली. नळ्या सगळ्या काळ्या पडल्या होत्या. सलाईन न घातलेली तेवढी पिवळीधमक होती.

ती जागीच थांबली.

"दादा, आईला लावलेली बाटली कुठल्या खोक्यातली?"

"तुला दिल्या त्यातलीच. का गं?"

तिने ती पिवळी आणि कंट्रोलची काळी अशा दोन नळ्या रुमालात गुंडाळल्या आणि जिना उतरायला लागली.

हॉस्पिटलात विठाबाई दोन घोंगड्यांखाली थडथडत होती. अंजलीने आधी सलाईनच्या नळीवरचं चाक फिरवून थेंब बंद केले. डॉक्टर ओरडले, "अहो, हात काय लावताय? निर्जंतुक आहे ते! एक जंतू सापडायचा नाही त्यात."

"जिवंत सापडायचा नाही, डॉक्टर. बाटल्या वाफेवर घालायच्या आधीच त्या पाण्यात जंतू वाढले असणार. ते मेले, पण त्यांची सालं आतच राहिली. साल जिवंताची की मेलेल्याची, हे शरीर विचारत बसत नाही." तिने दोन्ही नळ्या त्यांच्यापुढे धरल्या. "ही नुसत्या रक्ताची. ही तुमच्या सलाईनची."

डॉक्टरांनी काळी नळी उजेडात धरून पाहिली. मग त्यांनी स्वतःच्या हाताने बाटली उतरवली, ते अख्खं खोकं बाजूला काढायला सांगितलं आणि दुसऱ्या कंपनीची बाटली मागवली.

दिवेलागणीला विठाबाईने अंगावरची घोंगडी ढकलली. नवी बाटली अर्धी संपली होती आणि दातावर दात वाजला नव्हता. तिला लेकीच्या मुठीतल्या नळ्या दिसल्या.

"जमलं का गं तुझ्या अळ्यांना शेवटी?"

अंजलीने सोललेल्या बोटांनी आईच्या कपाळावरचा घाम पुसला.

"त्या पहिल्या दिवसापासून खरंच सांगत होत्या, आई. तुझ्यासारख्याच."