बाकीची नऊ

नेलकटर दिसताच सहा वर्षांची शर्वाणी किंचाळत कॉटखाली शिरली. बोलणं तिला अजून जमत नव्हतं. पण नख कापतानाचा 'टक' आवाज तिला सुईसारखा टोचतो, हे तिच्या बाबांना, दिगंबरला, पक्कं ठाऊक होतं. आजवर आई तिचे हात धरायची आणि तो नखं कापायचा. नंतर तिघंही रडायची.

या खेपेला बायको म्हणाली, "मी नाही धरणार. वाढलेल्या नखांनी तिच्या गालावर उठलेले ओरखडे भरून येतील. पण तिला आपलीच भीती बसली तर?"

दिगंबर कॉटपाशी फरशीवर बसला आणि स्वतःची नखं कापू लागला. दर वेळी आधी हळूच सांगायचा, "आता वाजणार हं." तो करंगळीपर्यंत आला, तेव्हा कॉटखालून बारीक आवाज आला, "टक."

त्याचा हात थबकला. वळून न बघताच त्याने विचारलं, "आता कुणाचं कापायचं?"

बऱ्याच वेळाने एक चिमुकलं बोट बाहेर आलं. "आता वाजणार हं," तो हळूच म्हणाला.

"टक," ती म्हणाली, आणि नख कापलं गेलं. बोट झटकन आत गेलं.

"झाली का सगळी?" बायकोने दारातूनच विचारलं.

"एक झालं," दिगंबर डोळे पुसत म्हणाला. "बाकीची नऊ उद्या बघू."