शनिवारच्या उठाबशा

“सांगून कुणाला पटायचं नाही, बाळी, पण येत्या शनिवारी शाळेच्या अंगणात मी कान धरून उठाबशा काढणार आहे,” विष्णुपंत म्हणाले.

बाळी वालाच्या शेंगा सोलत होती. तिचे हात थांबले. पंतांनी पाड्यावर येऊन आजवर बरंच काही सांगितलं होतं, पण स्वतःच्या कानांची गोष्ट ही पहिलीच. कशापायी, असं तिनं विचारलं. इतकी वर्षं तुम्हाला थापा मारल्याबद्दल, पंत म्हणाले, चारचौघांत, सरकारी साहेबासमोर. आणि त्यांनी चेहरा असा पाडला, की अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त होतानाही तो इतका पडला नव्हता.

थापांचा दोष तसा शाळेचाच. कात्रपच्या त्या प्राथमिक शाळेला शिपाई नव्हता, म्हणून मुख्याध्यापिका वृंदाबाईंनी पालकांना आठवण करून देण्याचं काम रिकाम्या पंतांवर सोपवलं. फाटकाजवळच्या फळ्यावर खडूनं लिहायचं, आणि डोंगराखालच्या पाड्यावर, जिथं वाचणारं कुणी नव्हतं, तिथं तोंडी सांगायचं. बुधवारी लस. गुरुवारी नखं कापून पाठवणे. एवढ्यावर कुणी हातचं काम टाकून येतं का? पंतांनी जरा फोडणी घातली. क्रीडादिनाला त्यांनी सर्कशीचा हत्ती येणार म्हणून सांगितलं. माणसं लोटली, हत्ती काही आला नाही. तो शहाडच्या रेल्वे फाटकात अडकलाय, असं पंतांनी जाहीर केलं, आणि त्याचे हाल वर्णन करताना स्वतःच्याच डोळ्यांत पाणी आणलं. स्नेहसंमेलनाला उल्हासनगर कॅम्प पाचचा कुणी शेठ घरटी पापड वाटणार होता. तो आजारी पडला. पुढं पुढं पंतांचे सगळेच पाहुणे आजारी पडू लागले, आणि पालकसभेच्या सतरंजीवर पंत एकटे उरले.

शनिवारची पालकसभा मात्र साधी नव्हती. शाळा चौथीपर्यंतच. पाचवीसाठी पार गावाच्या दुसऱ्या टोकाला जावं लागे, आणि पाड्यावरच्या मुली तेवढं लांब जात नसत. त्या जंगलात लाकडं वेचायला जात. जंगलही काही जवळ नव्हतं, पण ते कुणाला लांब वाटत नसे. बाळीची धोंडी यंदा चौथीत होती. पालकांनी स्वतः येऊन पाचवीचा वर्ग मागितला, तर शिक्षण खात्याचे साहेब मागणी पुढं पाठवणार होते. मागच्या खेपेला ते रिकाम्या सतरंज्या बघून परत गेले होते. म्हणून वृंदाबाईंनी पंतांना हात जोडून सांगितलं होतं, की या वेळी तुम्ही कुणाला काही सांगूच नका, तुम्ही सांगितलंत की येणारेही येत नाहीत. ते पंतांना फार लागलं होतं.

शनिवारी अंगण भरलं. सगळा पाडा आला. कात्रपच्या इमारतींमधले नोकरदार आले. हत्तीला फसलेले, पापडाला फसलेले, झाडून सगळे आले. ज्यांचं शाळेत कुणी नव्हतं, ते पुढं जागा धरून बसले. वृंदाबाई हरखल्या. साहेब बोलायला उभे राहिले. पंत मागच्या खांबाआड बसून स्वतःच्या हुशारीवर खूश होते. उठाबशांचा त्यांचा काही विचार नव्हता. भाषणाच्या नादात लोक विसरतील, आणि नाहीच विसरले तर गुडघा आहे, तो आजारी पडेल.

साहेब बोलत राहिले. अंगणात चुळबुळ सुरू झाली. शेवटी बाळीचा नवरा, चांगो, धोतर झटकून उठला.

“चला रे,” तो म्हणाला. “ह्यो पन हत्तीच.”

पाडा उठला. पाठोपाठ इमारती उठल्या. साहेबांनी वृंदाबाईंकडे पाहिलं आणि पेनाला टोपण लावलं. बाळीनं धोंडीचा हात धरला. धोंडी चालत होती पुढं, पण मान वळवून बघत होती ती वर्गाच्या दाराकडे.

तेव्हा पंत खांबाआडून निघाले. आपलं बोलणं खरं करायची पाळी त्यांच्यावर आयुष्यात पहिल्यांदाच आली होती, आणि ती नेमकी गुडघ्यांवर आली होती. ते साहेबांच्या टेबलापुढं गेले. कान धरले. खाली बसले. वर आले. पुन्हा बसले.

फाटकापर्यंत गेलेली माणसं पळत परतली. पोरं पाढ्याच्या चालीवर मोजू लागली. हा कुठला उपक्रम, असं साहेबांनी विचारलं. वृंदाबाई क्षणभर गोंधळल्या, पण बाई हुशार. त्यांनी टेबलावर छडी आपटली.

“पाचवी हवी असेल त्यांनी हात वर करा. साहेब हात मोजून संपवेपर्यंत पंत थांबणार नाहीत.”

हात वर झाले. सावकाश झाले, कारण घाई पंतांखेरीज कुणालाच नव्हती. एकानं मुद्दाम दोन्ही हात वर केले आणि साहेबांना पहिल्यापासून मोजावं लागलं. पंतांच्या गुडघ्यांतून वाळलेल्या शेंगा फुटाव्यात तसा आवाज येत होता. शहाडला अडकलेल्या त्या हत्तीचे हाल त्यांना आता कुठं नीट कळले. चांगोनं हात अर्धाच वर केला होता. घरात चालायचं बाळीचं, आणि बाळीचा हात खालीच होता. ती डोळे बारीक करून पंतांकडे बघत होती, आणि धोंडी तिच्याकडे.

पंत मध्येच अडकले. त्यांना खाली बसता येईना, वर उठता येईना. तसेच कान धरून, धापा टाकत ते म्हणाले,

“बाळी, शपथ घेतो. उभ्या जन्मात पुन्हा थाप मारणार नाही.”

बाळीनं हात वर केला.

“ही थाप झाली, काका. नायतर पाचवीच्या सभेला आमाला बोलवंल कोन?”